यंत्रदुरुस्ती प्रश्नोत्तरे : स्टेअरिंग जड का होते?

उन्हाळा तापू लागला की नागपूर परिसरातील खाणी, खडी क्रशर आणि रस्त्यांच्या कामांवरून येणाऱ्या पत्रांत जड स्टेअरिंगची तक्रार हमखास असते. म्हणून या अंकातील सदराची सगळी जागा अवजड यंत्रांच्या हायड्रॉलिक स्टेअरिंगमधील दाबासंबंधीच्या प्रश्नांना दिली आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे तीन घनमीटर बकेटचा, मधोमध वळणारा व्हील लोडर आहे. सकाळी स्टेअरिंग हलके असते. दुपारी तेल तापल्यावर इंजिन कमी रेसवर असताना ते जड होते आणि रेस वाढवली की पुन्हा चालते. वळता वळता बकेट उचलली तर त्रास अधिकच वाढतो. मिस्त्री म्हणतात पंप गेला. पंपाची किंमत पाहता, तो खरोखर गेला आहे हे आधी कसे ठरवावे?
— देखभाल पर्यवेक्षक, खडी क्रशर, उमरेड रोड

उत्तर : आपण लिहिलेली लक्षणे इतकी नेमकी आहेत की निम्मे निदान पत्रातच झाले आहे. मात्र त्यावरून पंपावर ठपका ठेवण्याची घाई करू नये. पंप दाब तयार करतो हा समज फार रुजलेला आहे. प्रत्यक्षात पंप फक्त तेल ढकलतो आणि त्या तेलाला पुढे जितका अडथळा होतो तितका दाब चढतो. नळाला लावलेल्या पाइपच्या तोंडाशी बोट धरले की पाण्याचा जोर वाढतो, पण पाइपला मध्येच चीर असेल तर बोट कितीही घट्ट धरले तरी जोर येत नाही. स्टेअरिंगमध्ये दाब कमी मिळतो, तेव्हा ही चीर पंपात असू शकते, प्रायोरिटी व्हॉल्व्हमध्ये (त्याचे काम पुढे येईलच), जादा दाबाचे तेल टाकीकडे सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या सीटवर, स्टेअरिंगच्या चाकाने फिरून सिलिंडरकडे तेल सोडणाऱ्या ऑर्बिट्रोलमध्ये किंवा स्टेअरिंगच्या सिलिंडरच्या सीलमध्येही असू शकते, आणि सीटवर बसलेल्या ऑपरेटरला या पाचही ठिकाणच्या गळतीचा अनुभव जवळपास सारखाच येतो.

रेस वाढवल्यावर स्टेअरिंग का सुधारते, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, पंप एका फेऱ्यात ४० घन सेंटिमीटर तेल देतो. इंजिनाशी तो एकास एक फिरत असेल, तर ८०० फेऱ्यांवर मिनिटाला ३२ लिटर आणि २००० फेऱ्यांवर ८० लिटर तेल निघेल. तापलेले, पातळ झालेले तेल कुठूनतरी मिनिटाला १५ लिटर आतल्या आत निसटत असेल, तर कमी रेसवर स्टेअरिंगच्या वाट्याला जेमतेम निम्मे तेल उरते आणि जास्त रेसवर चार पंचमांशांहून अधिक उरते. म्हणजे रेस दिल्यावर स्टेअरिंग चालते, यावरून आतल्या आत गळती आहे एवढेच सिद्ध होते. ती कुठे आहे हे त्यातून कळत नाही.

आपल्या पत्रातील खरा धागा बकेटचा आहे. ज्या लोडरमध्ये एकाच पंपाचे तेल स्टेअरिंग आणि बकेट या दोघांना जाते, तेथे आधी स्टेअरिंगची गरज भागवून उरलेले तेल पुढे सोडण्याचे काम प्रायोरिटी व्हॉल्व्ह करतो. ऑर्बिट्रोलकडून एक बारीक होज या व्हॉल्व्हकडे येते, आणि स्टेअरिंगवर किती भार आहे याची वर्दी त्यातील दाबाने मिळते. ही वर्दी, व्हॉल्व्हच्या आतील स्प्रिंग आणि तेलाच्या वाटा उघडझाप करणारा सरकता दांडा म्हणजे स्पूल या तिघांपैकी एकाने जरी दगा दिला, तरी बकेट उचलताच स्टेअरिंगचे तेल तिकडे पळते. क्रशरवरील धूळ फिल्टरच्या झाकणातून, टाकीच्या ब्रीदरमधून किंवा उघड्या डब्यातून ओतलेल्या तेलाबरोबर आत जाते आणि वर्दीच्या वाटेतील सुईएवढ्या छिद्रात बसते. तेवढ्याने काम बिघडते. स्पूल मध्येच अडकून राहिला, तर कमी रेसवर तेलाचा मोठा हिस्सा बकेटच्या वाटेने टाकीकडे निघून जातो, आणि तेल पातळ झाले की तो आणखी सहज जातो. आपली तिन्ही लक्षणे या एका दोषाने जुळतात, म्हणून शोधाची सुरुवात येथूनच करावी असे माझे मत आहे.

परंतु कोणताही बोल्ट सैल करण्यापूर्वी दाब मोजणारा गेज लावावा. टाकीतील पातळी, तेलावर फेस आहे का आणि सक्शन होज मऊ पडून आत दबते आहे का, हे पाच मिनिटांत पाहून घ्यावे, कारण फेसाळलेल्या तेलावर घेतलेल्या दाबाच्या नोंदीला काहीच अर्थ नसतो. त्यानंतर यंत्र सपाट जागी उभे करून बकेट जमिनीला टेकवावी, पार्किंग ब्रेक लावावा, चाकांना लाकडी ठोकळे द्यावेत आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टेस्ट पॉइंटला ४०० बारचा गेज जोडावा. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत तापू द्यावे. थंड तेलावर घेतलेली नोंद आपल्या तक्रारीच्या बाबतीत फसवी ठरेल, कारण बिघाडच मुळी तेल तापल्यावर दिसतो. मग स्टेअरिंग एका टोकापर्यंत वळवून, तेथे काही सेकंदच धरून, कमी रेसवर आणि जास्त रेसवर दाब लिहून घ्यावा. दुसऱ्या बाजूलाही तसेच करावे. टोकाला फार वेळ धरून ठेवले तर सगळे तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून जाऊन झपाट्याने तापते. या चाचणीच्या वेळी पुढच्या आणि मागच्या धडाच्या मधल्या जागेत कोणीही उभे राहू नये, मग तो गेज वाचणारा का असेना. त्यासाठी गेजला लांब होज लावलेली बरी.

आता स्टेअरिंग टोकाला धरूनच ऑपरेटरला बकेट किंचित उचलायला सांगावे. गेजचा काटा खाली आला, तर दोष प्रायोरिटी व्हॉल्व्हचा किंवा त्याच्या वर्दीच्या होजचा आहे, हे जवळपास नक्की. स्पूल बाहेर काढून स्वच्छ डिझेलने धुवावा, नंतर तेलात बुडवून व्हॉल्व्हच्या उभ्या धरलेल्या भोकात सोडावा. तो स्वतःच्या वजनाने सरकत खाली गेला पाहिजे. त्याच्या अंगावरून नख फिरवावे, आणि कडेला नख अडेल अशी ओरखड असेल तर पॉलिश पेपरने घासून वेळ मारून नेऊ नये, कारण स्पूल आणि भोक यांच्यातील फट मायक्रॉनमध्ये मोजली जाते आणि घासल्याने ती वाढतेच. स्प्रिंग मॅन्युअलमधील लांबीशी ताडून पाहावी. तुटलेल्या स्प्रिंगचे दोन तुकडे एकमेकांत अडकून अखंड दिसतात, म्हणून ती हातात घेऊन फिरवून पाहिल्याशिवाय ठीक आहे असे समजू नये.

बकेट उचलूनही काटा हलला नाही, पण दोन्ही बाजूंना दाब मुळातच कमी आला, तर पुढचा टप्पा वेगळे काढण्याचा. सिलिंडरकडे जाणाऱ्या होज सोडून त्यांच्या तोंडाला पोलादी प्लग लावावेत आणि स्टेअरिंग हळूच वळवावे. दाब लगेच पूर्ण चढला, तर गळती सिलिंडरच्या पिस्टन सीलमध्ये आहे आणि पंपाला हात लावण्याचे कारण नाही. दाब तरीही चढला नाही, तर प्रवाह मोजणारा फ्लोमीटर भाड्याने आणून पंपाचा प्रवाह बिनदाबाने आणि पूर्ण दाबाखाली असा दोनदा मोजावा. दोहोंतील फरक मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर असेल तेव्हाच नवीन पंप मागवावा. हे करताना पंपाच्या बाहेर पडणाऱ्या वाटेलाच थेट प्लग लावण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये, कारण मग पंपाला रिलीफ व्हॉल्व्हचे संरक्षण मिळत नाही आणि पंपाचे आवरण फुटू शकते. राहिली एक गोष्ट : स्टेअरिंग फक्त एकाच बाजूला जड होत असते, तर पंपाचा विचार पहिल्याच क्षणी सोडून त्या बाजूचा, झटके जिरवणारा शॉक व्हॉल्व्ह तपासावा, असे मी सुचवले असते. पंप डावीउजवी ओळखत नाही.

प्रश्न : आमच्या लोडरचे स्टेअरिंग जड झाले होते. मिस्त्रींनी रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू अर्धा आटा कसला आणि ते एकदम हलके झाले. मालक खूश आहेत. हे असेच ठेवले तर चालेल का?
— ऑपरेटर, सावनेर

उत्तर : गेज न लावता कसलेला स्क्रू मूळ जागी नेऊन ठेवावा, हे माझे स्पष्ट मत आहे. अर्ध्या आट्यात दाब किती वाढला हे आपल्यालाही माहीत नाही आणि मिस्त्रींनाही नाही, कारण आट्यागणिक होणारी वाढ प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये वेगळी असते.

या दाबाने किती जोर लागतो याची कल्पना यावी म्हणून आकडे देतो. ८० मिलिमीटर आतील व्यासाच्या सिलिंडरला १७५ बार दाब मिळाला, तर पिस्टनवर सुमारे नऊ टनांचा जोर येतो. तोच दाब २२० बार झाला, तर जोर अकरा टनांच्या वर जातो. हा वाढीव भार सिलिंडरच्या पिना, त्यांची बुशिंगे, मधला सांधा आणि होज यांना प्रत्येक वळणावर सोसावा लागतो. शिवाय चाक दगडावर आदळल्यावर बसणारा झटका जिरवणारे शॉक व्हॉल्व्ह साधारणपणे रिलीफच्या दाबापेक्षा पन्नास-साठ बारने वर लावलेले असतात. रिलीफ वर नेला की हे अंतर कमी होते आणि शॉक व्हॉल्व्ह वेळी-अवेळी उघडू लागतात.

गेज लावून जास्त रेसवर रिलीफचा दाब मॅन्युअलपेक्षा कमी आढळला, आणि व्हॉल्व्ह उघडून सीटवर कचरा नाही व स्प्रिंग शाबूत आहे याची खात्री झाली, तरच स्क्रू कसावा. तोही गेजकडे पाहत, थोडा थोडा. येथे एककांचा घोळ हमखास होतो. मॅन्युअलमध्ये १७.५ मेगापास्कल लिहिलेले असते, गेजवर बार आणि पीएसआय असतात, आणि गॅरेजमध्ये बोलताना सगळे ‘किलो’ म्हणतात. १७.५ मेगापास्कल म्हणजे १७५ बार, म्हणजे सुमारे १७८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २५४० पीएसआय. मालकांना समजावताना एवढे सांगावे की आज मिळालेला हलकेपणा होज फुटून यंत्र भर रस्त्यात अडकले की महागात पडेल.

प्रश्न : बॅकहो लोडरच्या ऑर्बिट्रोलला खालून तेल गळत होते म्हणून स्थानिक गॅरेजमध्ये सील किट बदलले. इंजिन सुरू करताच स्टेअरिंगचे चाक कोणी हात न लावता गरागरा फिरू लागले. गॅरेजवाले म्हणतात की हवा असेल, चालवल्यावर निघून जाईल.
— कंत्राटदार, हिंगणा

उत्तर : हवा असती तर स्टेअरिंग हिसके देत चालले असते आणि चाक स्पंजासारखे वाटले असते. चाक आपणहून फिरणे हा वेगळा दोष आहे, आणि तो दूर होईपर्यंत यंत्र एक फूटही पुढे नेऊ नये. अशा वेळी पळत्या चाकाच्या आऱ्यांत हात घालून ते थांबवण्याचाही प्रयत्न करू नये. इंजिन बंद करावे.

ऑर्बिट्रोलच्या तळाशी दात्यांची एक जोडी असते. बहुतेक युनिटांत बाहेरच्या कड्याला सात आणि आतल्या रोटरला सहा दाते असतात. रोटरमधून एक लहान कार्डन शाफ्ट वर जातो आणि त्याच्या वरच्या टोकाच्या खाचेत आडवी पिन बसते. आपण चाक वळवल्यावर कोणत्या दात्यामागे तेल केव्हा सोडायचे याचे वेळापत्रक या पिनच्या आणि दात्यांच्या परस्परस्थितीवर अवलंबून असते. जोडताना कार्डन रोटरमध्ये चुकीच्या जागी बसला, तर वेळापत्रक बिघडते आणि तेलाच्या जोराने ऑर्बिट्रोल मोटरसारखा फिरू लागतो. गॅरेजमध्ये नेमके हेच झाले असण्याची शक्यता सर्वांत मोठी आहे, कारण तळाचे झाकण उघडल्यावर रोटर आणि कार्डन एकत्र बाहेर येतात आणि खूण केलेली नसेल तर पुन्हा कसे बसवायचे हे नुसते पाहून कळत नाही.

पुन्हा उघडताना यंत्राच्या, किंवा निदान त्याच बनावटीच्या ऑर्बिट्रोलच्या, मॅन्युअलमधील आकृती समोर ठेवावी. प्रचलित रचनेत कार्डनच्या खाचेची रेष रोटरच्या दोन दात्यांमधील खोलगट जागेशी जुळवावी लागते. त्याच वेळी एकात एक बसणाऱ्या आतील आणि बाहेरील नळ्या, म्हणजे स्लीव्ह, मध्यावर आणणाऱ्या पातळ पट्टीस्प्रिंगाही पाहाव्यात. त्या तुटल्या असतील, किंवा दोन स्लीव्हच्या मध्ये कचरा अडकून त्या परत मध्यावर येत नसतील, तरीही चाक आपणहून फिरते. अनेक युनिटांत तळाच्या एका बोल्टच्या भोकात लहानशी पोलादी गोळी असते आणि त्या भोकात पिन असलेला खास बोल्टच जातो. कापडावर उलटे करताना ही गोळी घरंगळून हरवते आणि मग दाबाची वाट व परतीची वाट आतल्या आत एक होतात, म्हणून टेबलावर कडा असलेले ताट ठेवून त्यातच काम करावे. बोल्ट आडवे-तिडवे, टॉर्क पान्याने कसावेत. एकाच बाजूने आवळलेल्या झाकणाने रोटर जाम होतो.

जोडणी झाल्यावर पुढची चाके जॅकवर उचलून कमी रेसवर पहिली चाचणी घ्यावी. स्टेअरिंग डावीकडे वळवल्यावर टायर उजवीकडे गेले तर घाबरू नये. सिलिंडरच्या दोन होज अदलाबदल झाल्या आहेत इतकेच.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यासाठी ४६ ऐवजी ६८ नंबरचे तेल टाकावे का?
— यंत्रमालक, बुटीबोरी

उत्तर : हे आकडे ४० अंश तापमानाला तेल किती घट्ट आहे ते सांगतात, आणि मे महिन्यात जेथे हवाच ४५ अंशांच्या पुढे जाते तेथे हा प्रश्न रास्त आहे. उत्पादकाच्या तक्त्यात आपल्या तापमानासाठी ६८ दिले असेल तर जरूर वापरावे. दिले नसेल, तर आधी ऑइल कूलरच्या जाळ्या उलट्या बाजूने हवा मारून साफ कराव्यात. कोळशाच्या धुळीने बुजलेला कूलर असताना तेलाचा नंबर बदलून फारसे काही साधत नाही. काही यंत्रांत हायड्रॉलिकसाठी १० डब्ल्यू प्रतीचे तेल सांगितलेले असते. त्यात दुसरे काहीही मिसळू नये.

प्रश्न : मी आयटीआय करून नुकताच खाणीतील वर्कशॉपमध्ये लागलो आहे. स्टेअरिंगच्या होजमधील बारीक गळती शोधताना आमचे वरिष्ठ होजवरून हात फिरवतात. मीही तसेच करावे का?
— शिकाऊ तंत्रज्ञ, कामठी

उत्तर : करू नये, आणि वरिष्ठांनाही आदराने अडवावे. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून दीडशे-दोनशे बारने सुटणारे तेल डोळ्यांना धड दिसतही नाही, पण ते हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. जखम डास चावल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखत नाही, आणि म्हणूनच माणूस ती पुसून कामाला लागतो. आत मात्र तेल स्नायूंच्या पापुद्र्यांतून पसरत जाते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापण्याची वेळ येते. असे झाल्यास पट्टी बांधून घरी न जाता नागपुरातील मेडिकल किंवा मेयोसारख्या, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ जावे आणि ‘दाबाखालचे हायड्रॉलिक तेल कातडीत शिरले आहे’ हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगावेत, कारण नुसती जखम पाहून तिचे गांभीर्य लक्षात येत नाही.

गळती शोधण्यासाठी लांब पुठ्ठा किंवा प्लायवूडची पट्टी होजच्या बाजूने फिरवावी. तेलाचा डाग जेथे उमटेल तेथे छिद्र आहे. डोळ्यांवर चष्मा असावा. होज सोडण्यापूर्वी इंजिन बंद करून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना काही वेळा वळवावे, म्हणजे अडकलेला दाब उतरतो, आणि मधोमध वळणाऱ्या यंत्रात पुढचे-मागचे धड जोडून ठेवणारा सेफ्टी बार लावूनच मध्ये शिरावे. मात्र ज्या डंपरमध्ये इंजिन बंद पडल्यावर स्टेअरिंग चालावे म्हणून दाबाखालचे तेल साठवणारा ॲक्युम्युलेटर बसवलेला असतो, तेथे चावी बंद केल्यानंतरही बराच दाब शिल्लक असतो. तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने उतरवून, गेजवर शून्य दिसल्यावरच पाना लावावा.